अदृश्य अंगरखा कोणाच्या अंगावर?

नोव्हेंबर २०२४ मध्ये आय.आय.टी. कानपूरने 'अनालक्ष्य' नावाची एक यंत्रणा लष्करी अधिकाऱ्यांच्या उपस्थितीत जगापुढे आणली आणि लगेच वृत्तवाहिन्यांवर 'मिस्टर इंडिया' अवतरला. भारतीय जवान आता शत्रूला दिसणारच नाही, असे निवेदक ओरडून सांगू लागले. वास्तविक कानपूरच्या प्राध्यापकांनी असा कोणताही दावा केला नव्हता. त्यांनी तयार केलेले कापड रडारच्या लहरी शोषून घेते. रडारला ते चकवते, माणसाच्या डोळ्यांना नाही. ते पांघरून एखादा जवान तुमच्या समोर उभा राहिला तर तो कापडासकट स्पष्ट दिसेल. शास्त्रज्ञांनी केलेले काम उत्तम आहे आणि त्याचे श्रेय त्यांना मिळालेच पाहिजे. पण आपल्या प्रसारमाध्यमांना विज्ञान नको असते, चमत्कार हवा असतो.

चमत्कार म्हटला की आपल्याकडे दुसरी फौजही लगेच पुढे सरसावते. पुराणात अदृश्य होण्याची विद्या होतीच, पाश्चात्त्यांनी ती आता शोधली, असे सांगणारे संदेश फिरू लागतात. या मंडळींना आम्ही दीघ निकायातील केवट्ट सुत्त वाचण्याची विनंती करतो. एक गृहस्थ भगवान बुद्धांना विनवतो की भिक्खूंना अद्भुत शक्तींचे प्रदर्शन करायला सांगा, म्हणजे नालंदेचे लोक अधिक श्रद्धावान होतील. प्रकट होणे, गुप्त होणे, भिंतीतून आरपार जाणे अशी त्या शक्तींची यादीच तेथे आहे. तथागतांनी स्पष्ट सांगितले की अशा प्रदर्शनाची त्यांना किळस वाटते. कोणीही म्हणेल की ही तर गांधारी नावाची जादू आहे. त्यांच्या मते खरा चमत्कार एकच, उपदेश ऐकून माणूस बदलणे. अडीच हजार वर्षांपूर्वीची ही भूमिका आणि २०२४ मधला तो निवेदक, यांत आधुनिक कोण हे वाचकांनीच ठरवावे.

आणि अभिमानच बाळगायचा असेल तर जगदीशचंद्र बोस यांचा बाळगा. कोलकात्याच्या प्रयोगशाळेत त्यांनी १८९८ मध्ये पीळ दिलेल्या तागाच्या जुड्या सूक्ष्मलहरींच्या वाटेत ठेवल्या आणि त्या लहरींचे कंपन-प्रतल वळते हे दाखवून दिले. निसर्गात नसलेला गुणधर्म रचनेतून निर्माण करता येतो, हेच आजच्या 'मेटामटेरियल'चे मूळ तत्त्व होय. तागाच्या दोरीने ते सिद्ध झाले. त्यासाठी मंत्र लागला नाही.

आता मुद्द्यावर येऊ. माणूस अदृश्य होऊ शकतो काय?

एखादी वस्तू दिसते म्हणजे तिच्यावर पडलेला प्रकाश विखरून आपल्या डोळ्यांपर्यंत येतो आणि तिच्या मागचा प्रकाश अडतो. म्हणून वस्तू दिसू नये यासाठी दोन गोष्टी साधाव्या लागतात. तिच्यावरून काहीही परतू नये, आणि मागचा प्रकाश जणू वाटेत काहीच नव्हते असा पुढे यावा. नदीच्या पात्रात खडक असावा, पाणी त्याला वळसा घालून पलीकडे पुन्हा एक व्हावे आणि पुढे उभ्या असलेल्याला खडकाचा पत्ताही लागू नये, तसे. प्रकाशाला असा वळसा घालायला लावणारे द्रव्य निसर्गात नाही. सोव्हिएत शास्त्रज्ञ व्हिक्टर व्हेसेलागो यांनी १९६० च्या दशकात प्रकाश उलटा वाकवणाऱ्या द्रव्याची कल्पना कागदावर मांडली. २००६ साली लंडनच्या इम्पिरियल कॉलेजचे जॉन पेंड्री आणि त्यांचे सहकारी, तसेच सेंट अँड्र्यूज विद्यापीठाचे उल्फ लिओनहार्ट यांनी स्वतंत्रपणे अशा आवरणाचे गणित प्रसिद्ध केले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात डेव्हिड शुरिग आणि डेव्हिड स्मिथ यांनी ते प्रत्यक्षात आणले. दहा समकेंद्री कडी, त्यांवर तांब्याच्या बारीक नक्षीच्या चौकटी, आणि मध्ये लपवलेले तांब्याचे एक लहान नळकांडे.

परंतु ते नळकांडे लपले कोणापासून? ८.५ गिगाहर्ट्झच्या सूक्ष्मलहरींपासून, ज्यांची तरंगलांबी साडेतीन सेंटीमीटरच्या आसपास असते. तेही एकाच प्रतलात आणि अपूर्णपणे. डोळ्याला दिसणाऱ्या प्रकाशाची तरंगलांबी ४०० ते ७०० नॅनोमीटर, म्हणजे मिलिमीटरच्या एक हजाराव्या भागाहूनही कमी. आवरणातील नक्षी तरंगलांबीपेक्षाही बरीच लहान असावी लागते. माणसाच्या अंगभर पुरेल एवढे कापड इतक्या सूक्ष्म नक्षीने विणणे हे काम केवळ खर्चिक आहे असे नव्हे. त्यापुढे एक मूलभूत अडचण उभी आहे. वळसा घातला की वाट लांबते. लांबची वाट धरलेला प्रकाश सरळ आलेल्या प्रकाशाच्या बरोबरीने पोहोचायचा तर त्याला मोकळ्या जागेतील प्रकाशापेक्षा अधिक वेगाने जावे लागेल. एखाद्याच रंगापुरते लहरींच्या शिखरांचे गणित तसे जमवता येते, पण सगळ्या रंगांसाठी जमत नाही. टेक्सास विद्यापीठातील फ्रान्सेस्को मॉन्टिकोन आणि आंद्रेआ अलू यांनी २०१६ मध्ये या मर्यादेचे गणितच मांडले. बाहेरून ऊर्जा न घेणारे आवरण असेल तर वस्तू जितकी मोठी तितका रंगांचा पट्टा अरुंद. आणि एका रंगात लपलेली वस्तू इतर रंगांत उघड्या वस्तूपेक्षाही अधिक ठळक दिसू शकते. १९८७ च्या चित्रपटातील नायक फक्त लाल प्रकाशात दिसायचा. प्रत्यक्षात घडेल ते नेमके उलट. तो एका रंगात लपेल आणि बाकी सर्व रंगांत झळकेल.

शिवाय ज्याच्यापर्यंत प्रकाश पोहोचतच नाही त्याला दिसणार तरी काय? परिपूर्ण आवरणात शिरलेला माणूस आतून आंधळा असतो. पाहण्यासाठी त्याने भोक ठेवले तर ते भोक बाहेरून दिसेल. चोरून पाहणाऱ्याची निसर्गाने केलेली ही पंचाईत आम्हाला मोठी न्याय्य वाटते!

तरीही प्रयोग थांबलेले नाहीत. २०११ च्या सुमारास बर्मिंगहॅम आणि एम.आय.टी. येथील गटांनी कॅल्साइट या साध्या स्फटिकाच्या तुकड्याखाली लहान वस्तू दृश्य प्रकाशात लपवून दाखवल्या. २०१५ मध्ये बर्कलेच्या झिआंग झांग यांच्या गटाने ८० नॅनोमीटर जाडीची सोन्याच्या कणांची त्वचा बनवली, तिच्याखाली ३६ मायक्रॉनची वस्तू लपली. म्हणजे केसाच्या जाडीपेक्षाही लहान. रोचेस्टर विद्यापीठात २०१४ मध्ये चार भिंगांच्या मांडणीतून ठरावीक जागा नजरेआड करून दाखवण्यात आली. टोकियोचे सुसुमु ताची यांचा २००३ च्या सुमाराचा 'पारदर्शक' कोट म्हणजे मागचे दृश्य कॅमेऱ्याने टिपून अंगावर पाडलेला चित्रपट, आणि तो बघणाऱ्याने ठरलेल्या जागी उभे राहिले तरच खरा वाटतो. २०२२ मध्ये लंडनच्या एका कंपनीने विकायला काढलेली ढालही अशीच, उभ्या भिंगपट्ट्यांच्या मागे उभ्या माणसाला पुसट करून टाकणारी. हे सगळे मनोरंजक आहे. पण रस्त्यावरून अदृश्यपणे चालत जाणारा माणूस आपल्या हयातीत दिसेल, म्हणजे दिसणार नाही, असे मानायला काही आधार नाही.

समजा, उद्या तो आलाच. तर कायदा हतबल होईल काय? आमच्या मते होणार नाही. १८६० च्या भारतीय दंड संहितेत कलम ४४३ होते, आज भारतीय न्याय संहितेत ते कलम ३३० आहे. घरमालकापासून आपला प्रवेश लपवण्याची खबरदारी घेऊन केलेले गृह-अतिक्रमण हा तेथे स्वतंत्र गुन्हा आहे. लपण्याचे साधन काळी घोंगडी आहे की सोन्याची नॅनो-त्वचा, हे कायदा विचारत नाही. स्त्रीला चोरून पाहण्याचा गुन्हा २०१३ च्या दुरुस्तीने कलम ३५४-सी म्हणून आला, १ जुलै २०२४ पासून तो न्याय संहितेचे कलम ७७ झाला आहे. त्याचा गाभा आपल्याला कोणी पाहत नाही या स्त्रीच्या रास्त अपेक्षेत आहे. पाहणारा दिसत होता की नाही, याला तेथे महत्त्व नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६-ई तर स्त्री-पुरुष दोघांनाही लागू आहे. अडचण येईल ती पुराव्यात. पण 'अज्ञात इसम' हा आरोपी आपल्या पोलीस ठाण्यांना नवा नाही. दलित वस्तीवर भर दिवसा शेदोनशेचा जमाव चालून येतो, तेव्हासुद्धा फिर्यादीत अज्ञात इसमच लिहिला जातो. त्या जमावाने कोणते मेटामटेरियल पांघरलेले असते?

येथेच या विषयाचा खरा पेच सुरू होतो. दिसणे आणि न दिसणे ही आपल्या समाजात भौतिकशास्त्राची बाब कधीच नव्हती, ती सत्तेची बाब होती. डिसेंबर १९३२ मध्ये 'द हिंदू' या मद्रासच्या दैनिकात तिरुनेलवेली जिल्ह्यातील पुरद वण्णान या जातीची हकीकत आली होती. अस्पृश्यांचे कपडे धुणारे हे लोक. त्यांचा नुसता दृष्टीस पडण्यानेच विटाळ मानला जाई. म्हणून त्यांनी रात्रीच काम करायचे आणि दिवस उजाडण्यापूर्वी दिसेनासे व्हायचे. अस्पृश्य हा शब्द सगळ्यांना ठाऊक आहे, अदर्शनीय माणसेही या देशात होती हे पाठ्यपुस्तकात नाही. दुसरीकडे पेशवाईत पुण्यात अस्पृश्याच्या कमरेला झाडू आणि गळ्यात मडके बांधले जाई, हे बाबासाहेबांनी १९३६ च्या 'जातिप्रथेचे निर्मूलन' या ग्रंथात नमूद केले आहे. कोणी नजरेआड राहायचे आणि कोणी ओळखू येईल असेच फिरायचे, याचा निवाडा वरचे लोक करीत होते.

आणि आज? सफाई कामगारांच्या मनगटावर जी.पी.एस.ची घड्याळे बांधण्याचा प्रयोग नागपूर आणि चंदीगड यांसारख्या महापालिकांनी केला. कामगार झाडू घेऊन कोठे उभा आहे, किती वेळ थांबला, सगळे कार्यालयातल्या पडद्यावर. ठेकेदार किती दिवस आला नाही हे कोणत्या पडद्यावर दिसते? हे कामगार कोणत्या समाजाचे आहेत ते आम्ही सांगण्याची गरज नाही.

खासगीपणाचा अधिकार हा श्रीमंतांचा शौक आहे, असा युक्तिवाद अनेकदा ऐकू येतो. आमच्यातलेही काही कार्यकर्ते तसे म्हणतात. त्यांनी बाबासाहेबांचा १९४७ चा 'राज्ये आणि अल्पसंख्याक' हा मसुदा काढून पाहावा. माणसाचे शरीर, घर, कागदपत्रे आणि चीजवस्तू यांना अवाजवी झडतीपासून संरक्षण असावे, ही तरतूद त्यात मूलभूत हक्क म्हणून आहे. डिसेंबर १९४८ मध्ये काझी सय्यद करीमुद्दीन यांनी अशीच दुरुस्ती संविधान सभेत मांडली तेव्हा बाबासाहेबांनी ती स्वीकारण्याची तयारी दाखवली होती. ती नामंजूर झाली. तेथपासून २४ ऑगस्ट २०१७ पर्यंत, म्हणजे नऊ न्यायमूर्तींनी पुट्टस्वामी प्रकरणात खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचे एकमताने सांगेपर्यंत, जवळजवळ ६९ वर्षे गेली.

मधल्या काळात खडक सिंग होऊन गेला. उत्तर प्रदेशातील हा माणूस दरोड्याच्या प्रकरणात पुराव्याअभावी सुटला, पण पोलिसांनी त्याच्या नावाची 'हिस्ट्री शीट' उघडली. रात्री-अपरात्री शिपाई दार ठोठावत. १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रात्रीच्या भेटी घटनाबाह्य ठरवल्या, पाळत मात्र ठेवू दिली. न्या. सुब्बाराव यांनी वेगळे मत नोंदवले. अशा माणसासाठी सारा देशच तुरुंग होतो, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याखाली हजेरी देणाऱ्या पारध्यांच्या नातवंडांना हे समजावून सांगावे लागत नाही. ७ मे २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयालाच अमानतुल्ला खान प्रकरणात सांगावे लागले की मागास जाती-जमातींच्या निरपराध लोकांची नावे केवळ पूर्वग्रहातून अशा नोंदींत घेतली जाऊ नयेत.

खडक सिंगच्या दारावरची थाप निदान ऐकू तरी येत होती. आता थापही नाही. जुलै २०२१ मध्ये पेगॅससचे प्रकरण बाहेर आले तेव्हा कळले की मालकाने काहीही न दाबता त्याच्या मोबाईलमध्ये शिरता येते. ते विकणारी इस्रायली कंपनी सांगते की ग्राहक फक्त सरकारे असतात. ऑक्टोबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चौकशी समिती नेमली. तिने तपासलेल्या २९ पैकी ५ फोनमध्ये घातक प्रणाली आढळली, ती पेगॅससच आहे असा निष्कर्ष निघाला नाही, आणि सरकारने सहकार्य केले नाही असे न्यायालयाने ऑगस्ट २०२२ मध्ये सांगितले. त्याआधी फेब्रुवारी २०२१ मध्ये अमेरिकेतील आर्सेनल कन्सल्टिंग या संस्थेने भीमा कोरेगाव प्रकरणातील एका आरोपीच्या संगणकात बाहेरून फाईली घुसवल्या गेल्याचा अहवाल दिला. घुसवणारा कोण? तो आजही अदृश्यच आहे. अदृश्य अंगरखा कधी येणार, असे विचारणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे की पाहणाऱ्याने तो कधीच चढवला आहे. त्यासाठी त्याला पेंड्रींच्या गणिताची गरज पडली नाही.

उलट सामान्य माणसाने लपण्याचा साधा प्रयत्न केला की सत्तेला घाम फुटतो. हाँगकाँगमध्ये २०१९ च्या आंदोलनात तरुणांनी चेहरे झाकले तर ऑक्टोबरमध्ये मुखवटाबंदी आली. चीनमधील वुहान विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी २०२२ मध्ये एक कोट तयार केला. किंमत सुमारे ५०० युआन. डोळ्यांना तो साधा नक्षीदार कोट दिसतो, पण कॅमेऱ्यामागची कृत्रिम बुद्धिमत्ता त्यातल्या माणसाला माणूस म्हणून ओळखत नाही. आमच्या मते सर्व प्रयोगांत व्यवहारात पोहोचू शकणारा अदृश्य अंगरखा हाच, कारण आज आपल्याला डोळ्यांपेक्षा यंत्रे अधिक पाहतात. महाराष्ट्र पोलिसांसाठीही २०२४ मध्ये 'मार्व्हल' ही कृत्रिम बुद्धिमत्तेची कंपनी स्थापन झाली आहे. असा कोट घालून मोर्चात आलेल्या माणसाला उद्या कोणत्या कलमाखाली अडवणार, आणि न अडवल्यास त्याची पुन्हा 'हिस्ट्री शीट' उघडणार काय, हे आताच विचारले पाहिजे.

आमचा कॅमेऱ्याला सरसकट विरोध नाही, हे स्पष्ट सांगतो. ॲट्रॉसिटी कायद्याच्या कलम ३(१)(आर) आणि (एस) मध्ये अपमान 'लोकांच्या दृष्टीस पडेल अशा ठिकाणी' झालेला असावा लागतो. नोव्हेंबर २०२० मध्ये हितेश वर्मा प्रकरणात चार भिंतींआड, लोकांच्या गैरहजेरीत झालेली शिवीगाळ त्यात बसत नाही असे सांगितले गेले. म्हणजे वाड्याच्या आत मजुराला जातीवरून शिवी दिली आणि कोणी पाहिले नाही, तर या कलमांपुरता गुन्हाच घडला नाही! अशा वेळी कॅमेरा हाच आमचा साक्षीदार असतो. २०१५ च्या दुरुस्तीने या खटल्यांच्या कामकाजाचे चित्रीकरण करण्याची तरतूद कलम १५-ए मध्ये आली. डिसेंबर २०२० मध्ये परमवीर सिंग सैनी प्रकरणात प्रत्येक पोलीस ठाण्यात आवाजासह सी.सी.टी.व्ही. बसवण्याचा आदेश झाला. कोठडीत मार बसतो त्या दिवशी तो कॅमेरा नेमका बंद का असतो, याचे उत्तर कोणत्याही ठाणेदाराला विचारावे.

गरिबाला हवे असलेले अदृश्यपण फार थोडे आहे, आणि त्यातले सर्वांत मोलाचे म्हणजे गुप्त मतदान. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याने मत कोणाला दिले हे सांगण्याची सक्ती कोणावरही करता येत नाही. पण यंत्राने मतदान सुरू झाल्यापासून मोजणी केंद्रवार होते. ज्या केंद्रावर बहुतांश आमचीच वस्ती, तेथील आकडा पाहून गावचा पाटील दुसऱ्या दिवशी हिशोब चुकता करू शकतो. कागदी मतपत्रिका होत्या तेव्हा त्या मिसळून मोजण्याची सोय नियमांत होती. यंत्रांची मते एकत्र करून मोजणाऱ्या 'टोटलायझर'चा प्रस्ताव निवडणूक आयोगाने २००८ मध्ये दिला, विधी आयोगाने २०१५ मध्ये त्याची शिफारस केली. केंद्र सरकारने त्याला विरोध केला. देणगीदाराचे नाव झाकणारे निवडणूक रोखे मात्र याच काळात आले, आणि १५ फेब्रुवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते घटनाबाह्य ठरवेपर्यंत चालले. मजुराचे मत उघडे आणि भांडवलदाराची देणगी झाकलेली!

२०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याकडे याच नजरेने पाहावे लागते. कलम १७(२) अन्वये केंद्राला आपल्या यंत्रणांना या कायद्यातून वगळता येते. आणि कलम ४४(३) ने माहिती अधिकार कायद्याचे कलम ८(१)(जे) असे बदलले की अधिकाऱ्याशी निगडित माहिती 'वैयक्तिक' म्हणून नाकारणे सोपे झाले. जातीच्या बनावट दाखल्यावर नोकरी लाटणाऱ्यांची प्रकरणे माहिती अधिकारात बाहेर काढणाऱ्या आमच्या कार्यकर्त्यांना याचा अर्थ लगेच कळेल.

या सगळ्यात एक शब्द आमच्या बाजूचा आहे. डी. के. बसू प्रकरणात १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की अटक करणाऱ्या पोलिसाच्या छातीवर नाव आणि हुद्दा स्पष्ट दिसला पाहिजे. ती अट पुढे फौजदारी प्रक्रिया संहितेत आली आणि आज भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३६ मध्ये आहे. नावाची ओळख अचूक, दृश्य आणि स्पष्ट असावी, असे ते कलम म्हणते. 'दृश्य' हा शब्द तेथे पोलिसासाठी वापरलेला आहे. परंतु ही अट फक्त अटकेच्या क्षणाला लागू होते. मोर्चावर ड्रोन उडवणारा, पडद्यामागे बसून चेहरे जुळवणारा, फोनमध्ये शिरणारा अधिकारी या कलमाच्या बाहेर आहे. या कलमात दुसरे पोटकलम घालून पाळतीच्या प्रत्येक आदेशावर अधिकाऱ्याचे नाव, हुद्दा आणि मुदत लिहिणे बंधनकारक करावे, आणि मुदत संपल्यावर ज्याच्यावर पाळत होती त्याला ती लेखी कळवावी. मागासवर्गीयांच्या मतांवर निवडून गेलेल्या आमदार-खासदारांनी येत्या अधिवेशनात यासाठी अशासकीय विधेयक मांडावे. मसुदा तयार करून देण्यास येथील वकीलमंडळी तयार आहेत.